विद्यार्थी-नटांचा करंडक

करंडक या शब्दाचा मूळ अर्थ लहानशी पेटी अथवा डबी असा आहे. आमच्या आजीच्या पिढींत देव्हाऱ्याशेजारीं कुंकवाचा करंडा असे आणि घरांतील सौभाग्याची ती एक खूण मानली जाई. आज तोच शब्द उच्चारला असतां आमच्या घरच्या तरुण मंडळींच्या डोळ्यांपुढें कुंकू येत नाहीं. येतो तो प्रकाशानें उजळलेला रंगमंच, टाळ्यांचा कडकडाट आणि लाकडी बैठकीवर उभा केलेला एक चकचकीत चषक. शब्दांनीं अर्थ बदलावा यांत नवल नाहीं. परंतु ज्या घरांत एके काळीं नाटकाचें नांव काढतांच वडील मंडळींच्या कपाळास आठी पडे, त्याच घरांत आतां अभिनयाचें पारितोषिक फडताळावर दर्शनी जागीं ठेवलें जातें, हा बदल मात्र लहान नव्हे. विद्यार्थ्यांच्या अभिनयाला बक्षीस देण्याची ही चाल कोठून आली, तिनें काय साधलें आणि अशा बक्षिसाशीं घरच्यांनीं कसें वागावें, याचा विचार करण्याचा प्रसंग नुकताच आमच्या घरांत उद्भवला, म्हणून हे चार शब्द.

स्पर्धा आणि बक्षिसें हीं पाश्चात्यांचीं खुळें आहेत, असें म्हणणारे गृहस्थ अजूनही भेटतात. त्यांनीं भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय अवश्य पाहावा. त्यांत प्रयोगाची सिद्धि कशी ओळखावी याचें सांगोपांग विवेचन आहे, आणि विजयी ठरणाऱ्यास पताका द्यावी असेंही सांगितलें आहे. परीक्षकांना तेथें प्राश्निक अशी संज्ञा आहे. हे प्राश्निक कोण असावेत याची यादी मोठी मौजेची आहे. यज्ञकर्म जाणणारा, नर्तक, छंदःशास्त्रज्ञ, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक असे दहा प्रकारचे जाणते तेथें सांगितले आहेत. कारण रंगभूमीवर जें जें दाखविलें जातें त्याचा त्याचा जाणता परीक्षकांत असला पाहिजे. धनुष्य कसें धरावें हें धनुर्धरानें पाहावें आणि शब्द शुद्ध आहे कीं नाहीं हें वैयाकरणानें. आजच्या तीन परीक्षकांच्या मंडळापेक्षां ही व्यवस्था कांहीं बाबतींत अधिक शहाणपणाची होती, असें म्हटल्यास आम्हांस कोणी सनातनी म्हणूं नये.

त्याच अध्यायांत सिद्धीचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिली मानुषी. प्रेक्षक स्मित करतात, मोठ्यानें हंसतात, वाहवा देतात, हळहळतात, त्यांच्या अंगावर रोमांच उभे राहतात, ते आसनावरून उठतात, अंगावरचें वस्त्र किंवा बोटांतील आंगठी काढून नटाकडे फेंकतात. ही माणसांची पावती. दुसरी दैवी. जेथें शब्द नाहीं, क्षोभ नाहीं, कसलाही उत्पात नाहीं आणि रंगगृह मात्र पूर्ण भरलेलें आहे, तेथें दैवी सिद्धि समजावी. भरलेल्या नाट्यगृहांतील ती शांतता ज्यानें एकदां अनुभवली असेल त्याला, टाळीहून मोठें बक्षीस कोणतें, हें निराळें सांगावयास नको.

ग्रीस देशांतील अथेन्स नगरींतही नाट्यस्पर्धा होत. तेथें आरंभीं पारितोषिक मिळे तें नाटककर्त्यास. नटाला स्वतंत्र पारितोषिक देण्याची चाल इसवी सनापूर्वी ४४९ च्या सुमारास सुरू झाली. तेव्हांपासून एखाद्याचें नाटक हरावें आणि त्यांतील नट मात्र जिंकावा, असें घडूं लागलें. संघाचें यश आणि एकट्याचें यश यांची फारकत इतकी जुनी आहे. या फारकतीकडे आम्हांस पुढें पुन्हां वळावयाचें आहे.

आमच्या महाराष्ट्रांत विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस नाटक उभें केलें, तेव्हांपासून पुढें पुष्कळ वर्षें नटाचें बक्षीस म्हणजे राजेरजवाड्यांची बिदागी, एखादी शाल, रसिकांनीं वर्गणी जमवून दिलेलें पदक. तीं मिळत धंदेवाईक नटांस. विद्यार्थ्यानें नाटक करावें तें स्नेहसंमेलनापुरतें, आणि तेंही वडिलांच्या नजरेआड. तरीसुद्धां हौस ही अशी वस्तु आहे कीं ती कोठून तरी वाट काढतेच. पुण्यांतील भरत नाट्य संशोधन मंदिराचें मूळ १८९४ सालीं निघालेल्या विद्यार्थ्यांच्या एका सोशल क्लबांत आहे. नाटकाचें नांव घेतल्यास घरून होकार मिळणार नाहीं, पण क्लब म्हटला कीं व्यायाम, वाचन, चार भल्या मित्रांची संगत असें कांहीं तरी सभ्य डोळ्यांपुढें येतें! त्या काळच्या तरुणांनीं तें नांव हाच हिशेब करून ठेविलें कीं काय हें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण त्या नांवानें त्यांची सोय झाली असावी, असें आम्हांस वाटतें.

अभिनयाची कल्पनाही त्या काळीं वेगळी होती. गाणारा तो मोठा नट, आणि स्त्रीची भूमिका पुरुषानें करावयाची. नटवर्य केशवराव दाते यांनीं महाराष्ट्र नाटक मंडळींत तरुणपणीं स्त्रीभूमिकाच केल्या. पुढें १९३३ च्या जुलै महिन्यांत नाट्यमन्वंतर या संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक मुंबईस रंगभूमीवर आणलें. त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीं केल्या, आणि बोलणें घरांत बोलावें तसें साधें राखण्यांत आलें. केशवराव दाते त्या नाटकांत होते. ‘कुंकू’ या १९३७ सालच्या बोलपटांतील त्यांचा वृद्ध वर ज्यांनीं पाहिला असेल त्यांना, आवाज न चढवितां माणसाच्या मनाचें वस्त्र कसें उलगडतां येतें, हें समजलें असेल. आज महाविद्यालयीन नाटकांत उत्तम अभिनय करणाऱ्या विद्यार्थ्यास जो करंडक पुण्यांत दिला जातो त्याला केशवरावांचें नांव आहे, ही गोष्ट आम्हांस फार उचित वाटते. स्त्रीवेष घेऊन आरंभ करणाऱ्या नटाचें नांव धारण करणारा करंडक ज्या रंगमंचावरून दिला जातो, त्यावर आज मुली मुलांच्या बरोबरीनें निर्धास्त उभ्या राहतात. एका आयुष्याच्या अंतरांत केवढी ही मजल!

तो करंडक ज्या स्पर्धेंत मिळतो ती म्हणजे पुरुषोत्तम करंडक स्पर्धा. स्वराज्यानंतर १९५४ सालापासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली होती. हौशी मंडळींना तिनें उभारी दिली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीं मात्र स्वतंत्र अशी चाकोरी हवी होती. महाराष्ट्रीय कलोपासक या पुण्याच्या संस्थेनें आपले एक कार्यकर्ते पुरुषोत्तम वझे यांच्या स्मरणार्थ १९६३ सालीं आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांची ही स्पर्धा सुरू केली, आणि राजाभाऊ नातू यांच्यासारख्या निःस्पृह माणसानें ती वर्षानुवर्षें शिस्तीनें चालविली. पावसाळ्यांत प्राथमिक फेरी होते, तींतून नऊ संघ निवडले जातात, आणि त्यांची अंतिम फेरी होते. ठरलेल्या वेळांत नेपथ्य लावावयाचें, ठरलेल्या वेळांत नाटक संपवावयाचें. वेळ चुकली कीं गुणवत्ता कितीही असली तरी उपयोग नाहीं. लेखन, दिग्दर्शन, प्रकाशयोजना यांत मुलेंच राबतात. भरत नाट्य मंदिराच्या प्रेक्षागृहांतून ‘आवाज कुणाचा’ अशी आरोळी उठते आणि प्रत्येक महाविद्यालयाची मुलें आपापल्या विद्यालयाचें नांव घशाच्या शिरा ताणून सांगतात. भरतमुनींनीं सांगितलेली मानुषी सिद्धि येथें नाटकाच्या आधींच हजर असते! गमतीची गोष्ट अशी कीं, इतकी आरोळी ठोकणारीं हींच मुलें पडदा वर गेला आणि समोरचें नाटक खरोखरीचें असलें म्हणजे श्वास रोखून बसतात. दैवी सिद्धीसही तेथें वाव आहे.

या स्पर्धेंत संघाच्या करंडकाखेरीज अभिनयासाठीं वैयक्तिक पारितोषिकें आहेत. त्यांतील एकाचें नांव यशवंत स्वराभिनय करंडक असें आहे. केवळ आवाजाच्या अभिनयाचें कौतुक करणारें असें पारितोषिक ठेवणाराच्या मार्मिकतेस आम्ही नमस्कार करतों. कारण तरुण नट हात पाय पुष्कळ हालवितो. शब्दाला वजन असतें, विरामाला अर्थ असतो, हें त्याला उशिरा कळतें.

बक्षिसानें कोणी नट होतो काय? सतीश आळेकर महाविद्यालयांत असतांना एका नाटकांत उभे राहिले. तें काम भालबा केळकरांच्या पाहण्यांत आलें आणि त्यांनीं आपल्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेंत त्यांना बोलाविलें. आळेकरांनीं पुढें १९६९ सालीं ‘झुलता पूल’ ही एकांकिका लिहिली, आणि मराठी रंगभूमीला एक मोठा नाटककार मिळाला. त्याच संस्थेंत जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे वैद्यकीचे विद्यार्थी होते, आणि त्याच संस्थेनें १६ डिसेंबर १९७२ रोजीं भरत नाट्य मंदिरांतच ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला. यांतील कोणास कोणता चषक मिळाला होता हें आज कोणी विचारीत नाहीं. जाणत्यानें पाहिलें आणि ‘ये’ म्हटलें, हेंच खरें पारितोषिक. चषकाचें काम एवढेंच कीं जाणत्याची नजर तेथवर पोंचावी.

आतां आमच्या घरची हकीकत सांगतों. आमच्या घरांत दोन पिढ्यांत दोन बक्षिसें आलीं. पहिलें आमच्या वडील बंधूंस, त्यांच्या महाविद्यालयीन दिवसांत. अभिनयाचें एक लहानसें पदक त्यांना मिळालें. ते पुढें बँकेंत लागले, संसारांत पडले, आणि रंगभूमीशीं त्यांचा संबंध तिकिटाच्या खिडकीपुरता उरला. तें पदक वाया गेलें, असें नातेवाइकांत पुष्कळ वेळां बोललें जाई. आमच्या मातोश्रींची दृष्टि शेवटच्या वर्षांत गेली तेव्हां रोज सायंकाळीं दादा त्यांना पोथी वाचून दाखवीत. रावणाचा आवाज निराळा, सीतेचा निराळा, आणि सूत्र सांगतांना मध्यें एक असा विराम कीं आजूबाजूच्या बिऱ्हाडांतील बायकाही जिन्यांत येऊन बसत. मातोश्री म्हणत, ‘तुझ्या वाचनांत मला दिसतें रे.’ तें पदक वाया गेलें असें मग आमच्या घरांत कोणी म्हणेनासें झालें.

दुसरें बक्षीस गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येस मिळालें. विज्ञानशाखेच्या शेवटच्या वर्षांत शिकणारी मुलगी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेंत तिला अभिनयाचा चषक मिळाला आणि तिच्या संघाला कांहींच मिळालें नाहीं. घरांत पेढे आले. ती मात्र गप्प होती. चषक तिनें पिशवींतच ठेवला होता. तिच्या समोर आईचें काम करणारी मैत्रीण बक्षीससमारंभानंतर तिच्याशीं बोललीच नव्हती. ‘काका, माझा रडण्याचा प्रसंग सगळ्यांना आवडला ना, तो तिनें नुसतें माझ्याकडे पाहिलें म्हणून झाला. ती पाहिली नसती तर मला रडूं आलें नसतें. मग बक्षीस एकटीला कसें?’ असा तिचा प्रश्न. अथेन्सपासूनची ती फारकत आमच्या ओटीवर येऊन बसली होती.

या प्रश्नाचें एक उत्तर अमेरिकेंत कोणी तरी शोधिलें आहे, तें आम्हीं तिला सांगितलें. आयरीन रायन नांवाची एक विनोदी नटी होती. १९६२ पासून १९७१ पर्यंत चाललेल्या ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ या दूरचित्रवाणीवरील मालिकेंतील आजीच्या भूमिकेनें ती घरोघर ठाऊक झाली. वयाच्या अकराव्या वर्षीं हौशी कलावंतांच्या स्पर्धेंत गाऊन तिनें तीन डॉलर मिळविले होते, आणि तेथून तिचा रंगभूमीवरचा प्रवास सुरू झाला. १९७३ सालीं ती वारली. परंतु त्याआधींच, १९७२ पासून, तिच्या नांवाच्या निधींतून महाविद्यालयीन नट-नटींस शिष्यवृत्ति मिळूं लागल्या होत्या. १९६९ सालीं सुरू झालेल्या तेथील महाविद्यालयीन नाट्यमहोत्सवांत त्यांची निवड होऊं लागली. या निवडीस उभा राहणारा विद्यार्थी आपला एक साथीदार बरोबर आणतो. साथीदार स्पर्धक नसतो, तो केवळ समोर उभा राहतो. पण उत्तम साथ देणाऱ्याचाही तेथें निराळा गौरव केला जातो. समोरच्याच्या डोळ्यांत पाहणें हीसुद्धां कला आहे, हें त्या लोकांनीं नियमांत बसविलें. आमच्या स्पर्धांनीं एवढी गोष्ट त्यांच्याकडून अवश्य घ्यावी. आमच्या पुतणीनें तें ऐकलें, आणि दुसऱ्या दिवशीं तो चषक घेऊन ती मैत्रिणीच्या घरीं गेली. पुढें पंधरा दिवस तो चषक त्या घरीं होता. त्या दोघींत काय बोलणें झालें हें आम्हीं विचारलें नाहीं.

खरी परीक्षा पुढेंच होती. दिवाळीनंतर एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिनें सर्वांसमोर सांगितलें कीं, पदवी मिळाल्यावर तिला दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयांत प्रवेशासाठीं प्रयत्न करावयाचा आहे. १९५९ सालीं स्थापन झालेल्या या विद्यालयांत तीन वर्षांचा अभ्यासक्रम असून तेथें प्रवेश मिळणें किती अवघड आहे हेंही तिनें लपविलें नाहीं. घरांत दोन तट पडले. तिच्या वडिलांचें म्हणणें, एका चषकावर आयुष्याची इमारत उभारावयाची काय? तिच्या आईला तीन वर्षांनंतरची चिंता. आमच्या काकू, वय वर्षें ऐशीं, म्हणाल्या, ‘आमच्या वेळीं पोरी गाणें शिकायच्या त्या लग्नांत सांगायला. ही विचारते तरी आहे, विचारूं द्या.’ शेवटीं दादांनीं, त्या जुन्या पदकाच्या धन्यांनीं, तिला एकच प्रश्न केला: ‘बक्षीस मिळालें नसतें तरी जावेंसें वाटलें असतें काय?’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘वाटलें असतें, दादाकाका. पण तुम्हांला विचारण्याचा धीर झाला नसता.’

आमच्या मतें विद्यार्थ्यांच्या अभिनय-पारितोषिकांचा सारा इतिहास या उत्तरांत आला. बक्षीस गुण उत्पन्न करीत नाहीं. तें धीर देतें. १८९४ सालच्या विद्यार्थ्यांना क्लबाच्या नांवानें जो आडोसा मिळाला, तो आजच्या मुलीला चषकाच्या रूपानें मिळतो. चारचौघांसमोर तिऱ्हाईत जाणत्यांनीं सांगितलें कीं हिच्यांत कांहीं आहे. आतां घरच्यांना तें ऐकणें भाग आहे. दादा त्या रात्रीं एवढेंच म्हणाले कीं, ‘मला धीर झाला होता, पण विचारावें असें कोणी समोर नव्हतें.’ इतक्या वर्षांत हें वाक्य आम्हीं त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलें. मुलीला संमति मिळाली. पदवी पूर्ण करावयाची, कारण त्या विद्यालयासही ती लागते. आणि प्रवेश न मिळाल्यास घरानें ‘आम्ही सांगत होतों’ हे शब्द उच्चारावयाचे नाहींत, असें ठरलें. ही दुसरी अट तिच्या वडिलांनींच घातली, हें त्यांच्या बाजूनें नमूद केलें पाहिजे.

बक्षीस धीर देतें म्हणून तें सर्वांस वांटावें काय? येथें २०२२ सालची गोष्ट आठवते. त्या वर्षीं पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरींत परीक्षकांनीं एकही एकांकिका करंडकास पात्र नाहीं असा निर्णय दिला. स्पर्धेच्या इतिहासांत असें प्रथमच घडलें, आणि त्यावर बराच गदारोळ उठला. मुलांचा हिरमोड केला असें एक पक्ष म्हणाला, दर्जा राखला असें दुसरा. आम्ही दुसऱ्या पक्षाच्या अंमळ जवळचे आहों. जो करंडक कोणासही मिळतो तो कोणासही धीर देऊं शकत नाहीं. त्याचें वजन राखलें तरच घरांतील वडील त्याच्यापुढें मान लववितील. मात्र नकार देणाऱ्यावर एक ऋण राहतें. नाट्यशास्त्रांत प्रयोगाच्या गुणदोषांची नोंद करण्यासाठीं लेखक आणि गणक बसविण्याची सूचना आहे. नुसता ‘नाहीं’ हा शब्द विद्यार्थ्यास निरुपयोगी आहे. कोठें चुकलें हें त्याला लिहून मिळालें, तर तो नकारही पताकेइतकाच कामाचा ठरेल.

सारांश, ज्यांच्या घरीं असा चषक येईल त्यांना आमचें सांगणें इतकेंच. पेढे अवश्य वांटावे. परंतु चषक फडताळांत ठेवण्यापूर्वीं मुलाला अथवा मुलीला जवळ बसवून तीन गोष्टी विचाराव्या: समोर कोण होतें, तुझें काम कोणा जाणत्यानें पाहिलें, आणि आतां तुला आम्हांस कांहीं विचारावयाचें आहे काय? आणि ज्या घरीं चषक येणार नाहीं, त्या घरीं तिसरा प्रश्न तर आवर्जून विचारावा. कारण ज्याला बक्षीस मिळालें त्याला धीर आलेलाच असतो. ज्याला मिळालें नाहीं त्याला तो घरांतूनच मिळावयाचा असतो.